पाण्याची कड कोणाची?

भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच सुटली की आमचे अण्णा उजव्या बाजूची जागा धरायचे. बाकीची मंडळी समोर अलिबागच्या दिशेला बघत बसलेली, अण्णा मात्र गोदीच्या भिंतीकडे तोंड करून. ते आयुष्यभर गोदीत विंचवर, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या यंत्रावर होते. भिंत दिसली की मला कोपराने ढोसायचे आणि सांगायचे, "ती प्रिन्सेस. भरती पुरी भरली की दरवाजा उघडायचा, बोट आत घ्यायची, ओहोटी लागायच्या आत बंद करायचा. बाहेरचं पाणी दोन पुरुष उतरलं तरी आतली बोट जागची हलायची नाही." बोलता बोलता तळहात आडवा धरून पाण्याची पातळी दाखवायचे. दर खेपेला तेच वाक्य आणि तोच हात.

ते पाणी आज नाही. प्रिन्सेस आणि तिच्या शेजारची व्हिक्टोरिया, दोन्ही गोद्या या शतकात भराव घालून बुजवल्या. भर समुद्रात नवं कंटेनर टर्मिनल व्हायचं होतं आणि त्याचे डबे रचायला सपाट जागा हवी होती. ते टर्मिनल ठरल्याप्रमाणे चाललंच नाही. त्याच्या धक्क्यावर पुढे मोटारी आणि पोलाद चढवण्या-उतरवण्याचं काम होत राहिलं. गोद्या मात्र बुजल्या त्या बुजल्या.

मुंबई बंदराकडे शहराच्या पूर्व किनाऱ्यावर सुमारे साडेसातशे हेक्टर जमीन आहे. 1989 साली पलीकडे न्हावा-शेवा बंदर सुरू झालं, कंटेनर तिकडे गेले आणि इकडच्या वखारी ओस पडत गेल्या. तेव्हापासून या जमिनीचं काय करायचं ही चर्चा थांबलेली नाही. 2014 साली राणी जाधव समितीचा अहवाल आला, 2018 साली बंदराला या पट्ट्याचं नियोजन प्राधिकरण केलं, आराखडे झाले. या सगळ्यात माझं म्हणणं दोन वाक्यांत मावतं. समुद्राची ही कड सार्वजनिक मालकीचीच राहिली पाहिजे आणि तिचा एक तुकडाही कायमचा कोणाच्या नावावर होता कामा नये. आणि जिथे पाणी आहे तिथे पाणीच राहिलं पाहिजे.

हे मी अण्णांच्या आठवणीने हळवी होऊन म्हणते आहे, असं कोणाला वाटेल. आठवण आहेच. पण या म्हणण्यामागे दीडशे वर्षांचा अनुभव आहे, आणि ज्याने प्रिन्सेस गोदी बांधली त्या माणसाच्या नोकरीतच तो सगळा सापडतो.

थॉमस ऑर्मिस्टन हा स्कॉटिश इंजिनिअर, जन्म 1826 चा. तो मुंबईत आला तेव्हा शहराला कापसाचा ज्वर चढलेला होता. 1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं, तिथला कापूस इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशातून समुद्र हटवणाऱ्या कंपन्या निघाल्या. त्यांच्यातली एक एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनी. तिचा आणि सरकारचा करार नीट वाचण्याजोगा आहे. रेल्वेच्या मुंबईतल्या शेवटच्या स्थानकासाठी कंपनीने 100 एकर भराव घालून सरकारला द्यायचा, आणि त्या बदल्यात स्वतःसाठी 250 एकर समुद्र हटवून घ्यायचा. म्हणजे सरकारला तिजोरीतून काही काढावं लागणार नव्हतं. पैशाऐवजी सरकारने समुद्र देऊ केला. ऑर्मिस्टन या कंपनीचा इंजिनिअर होता.

आजच्या कितीतरी करारांची आठवण यावी असाच हा करार आहे. त्यात वाईट हेतू होता असं मी म्हणणार नाही. कंपनीने काम केलं, बंदरं बांधली, वखारी उभ्या केल्या. 1865 साली अमेरिकेतलं युद्ध संपलं, कापसाचा भाव कोसळला आणि बॅक बेची कंपनी आपल्या शेअरवाल्यांना घेऊन बुडाली, तेव्हाही एल्फिन्स्टन कंपनीच्या हातात खरीखुरी जमीन आणि खरेखुरे धक्के होते. अडचण त्यातूनच उभी राहिली. 1869 साली सुएझचा कालवा उघडला, आगबोटींचा ओघ मुंबईकडे वळणार हे दिसू लागलं आणि सरकारच्या लक्षात आलं की जिथे जहाज लागणार, माल उतरणार, रेल्वेत चढणार, ती कड एका खाजगी कंपनीच्या हातात आहे. धक्क्याचा मालक जो दर सांगेल तो व्यापाऱ्याने द्यायचा, कारण समुद्राला दुसरी कड कुठून आणणार? 1870 साली सरकारने कंपनीची मालमत्ता विकत घेतली. जे पाणी आपणच देऊन टाकलं होतं, तेच जमीन झाल्यावर पैसे मोजून परत घ्यावं लागलं.

1873 साली मुंबई पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. पण कुलाब्यापासून वर ठिकठिकाणी खाजगी धक्के होतेच आणि त्यांच्याशी दरात झगडताना नवा ट्रस्ट मेटाकुटीला आला. ससून कुटुंबाने 1875 साली कुलाब्याला भरती-ओहोटीची पर्वा न करता पाणी धरून ठेवणारी गोदी बांधली, पश्चिम भारतातली तशी पहिलीच. 1879 साली तीही सार्वजनिक पैशातून विकत घेतली गेली. म्हणजे दहा वर्षांच्या आत एकाच शहराने दोनदा हाच धडा पैसे मोजून गिरवला.

यात माझं लक्ष वेधून घेते ती ऑर्मिस्टनची नोकरी. मालक बदलला, इंजिनिअर तोच राहिला. किनारा तोच, चिखल तोच, भरतीचं कोष्टक तेच. कंपनीच्या नोकरीत त्याने जमीन केली, ट्रस्टच्या नोकरीत त्याने पाणी केलं. कंपनीला भराव परवडत होता, कारण भरावाचे तुकडे पाडून विकता येतात. सुमारे 30 एकर जागा खोदून तिथे पाणी भरायचं, त्याला दगडी भिंती घालायच्या, दरवाजे बसवायचे आणि मग पन्नास-शंभर वर्षं जहाजांच्या भाड्यातून तो खर्च भरून काढायचा, हे धीराचं काम सार्वजनिक संस्थेने अंगावर घेतलं. खाजगी उद्योगाशिवाय कार्यक्षमता येत नाही, हे वाक्य आपल्याकडे इतक्या वेळा म्हटलं जातं की त्याला कोणी पुरावा विचारत नाही. इथे कार्यक्षमता त्याच माणसासोबत कंपनीतून ट्रस्टमध्ये चालत आली.

प्रिन्सेस गोदीचा पायाचा दगड नोव्हेंबर 1875 मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सने बसवला, नाव त्यावरूनच पडलं. 1880 साली गोदी खुली झाली. त्याआधी मोठी जहाजं बंदराच्या मध्यात नांगर टाकून उभी राहायची आणि माल पडावांतून किनाऱ्यावर यायचा. पावसाळ्यात पडाव उलटायचे, गठडी भिजायची, माणसं जायची. गोदी झाली आणि जहाज थेट धक्क्याला लागलं. अण्णा ज्या विंचेवर राबले ती विंच फिरायला आधी बोट स्थिर हवी, आणि बोट स्थिर ठेवण्यासाठी ते 30 एकर पाणी.

गोदी खोदताना गाळाखाली एक जंगल सापडलं. शेकडो खैराची झाडं, पुष्कळशी मुळांवर उभी असलेली. कधीकाळी ती कोरड्या जमिनीवर वाढली होती. पुढे जमीन खचली आणि समुद्र वर आला. जॉर्ज ऑर्मिस्टन तेव्हा कामावर होता, त्याने या झाडांची टिपणं करून ठेवली. पुढे शेजारची मोठी गोदी खोदतानाही तसेच बुंधे निघाले. ज्याच्या लाकडापासून विड्यातला कात करतात, तोच हा खैर. पूर्व किनाऱ्यावर उंच मनोरे उभारायचे बेत करणाऱ्यांच्या टेबलावर त्या बुंध्यांची गोष्ट असावी असं मला मनापासून वाटतं. या बेटाची ही कड आधी एकदा पाण्याखाली गेलेली आहे.

आता दीपगृहाकडे येते, कारण ऑर्मिस्टनचं दुसरं मोठं काम ते आहे आणि मालकीचा प्रश्न तिथे आणखी स्वच्छ दिसतो. कुलाब्याच्या टोकाला 1799 साली बांधलेलं जुनं दीपगृह होतं. जुन्या मुंबईकरांच्या तोंडी ती 'कुलाब्याची दांडी'. पण खडकांची रांग त्याच्याही पुढे समुद्रात शिरलेली, भरतीला पाण्याखाली जाणारी, आणि जहाजं तिथे आपटायची. ऑर्मिस्टनच्या आराखड्यावरून त्या रांगेवरच प्राँग्ज दीपगृह उभं राहिलं. 1875 साली ते पेटलं. उंची सुमारे 41 मीटर. ओहोटीला खडकांवरून चालत तिथवर जाता येतं, भरतीला चारही बाजूंनी पाणी. अशा जागी दगडावर दगड बसवायचा तर दिवसातले जे काही तास खडक उघडा असेल तेवढेच हातात. ही विद्या स्कॉटलंडने जगाला दिली. आर्ब्रोथच्या समोर भर समुद्रात, भरतीला बुडणाऱ्या बेल रॉकवर रॉबर्ट स्टीव्हन्सनने चार हंगाम असंच काम केलं आणि 1811 साली तिथला दिवा लागला. ते दीपगृह नॉर्दर्न लाइटहाउस बोर्ड या सार्वजनिक मंडळाचं. त्या पाण्यातून जाणाऱ्या जहाजांनी टनामागे कर द्यायचा आणि त्यातून दिवा जळायचा.

दीपगृहाचा उजेड विकता येत नाही. पैसे दिलेल्या जहाजाला दिसावा आणि न दिलेल्याला दिसू नये, अशी सोय त्यात नाही. म्हणून बाजार जे बांधणार नाही त्याचं उदाहरण म्हणून अर्थशास्त्रज्ञ जॉन स्टुअर्ट मिलपासून दीपगृहच देत आले. 1974 साली रोनाल्ड कोस या अर्थशास्त्रज्ञाने याला हरकत घेतली. इंग्लंडमध्ये खाजगी दीपगृहं होती आणि त्यांचे मालक बंदरात पैसे वसूल करत होते, हे त्याने दाखवून दिलं. माहिती खरी आहे. पण ती वसुली राजाच्या सनदेवर चालायची, आणि दर इतके चढले की 1836 साली ब्रिटिश संसदेने कायदा करून उरलेली सगळी खाजगी दीपगृहं ट्रिनिटी हाउस या संस्थेला विकत घ्यायला लावली. त्यासाठी संस्थेला त्या मालकांच्या हातावर मोठमोठ्या रकमा ठेवाव्या लागल्या. म्हणजे दीपगृहांची गोष्टही शेवटी एल्फिन्स्टन कंपनीच्याच वाटेने गेली. आधी हक्क द्यायचा, मग त्या हक्काची किंमत वाढू द्यायची, मग वाढलेल्या किमतीला लोकांच्या पैशातून परत घ्यायचा.

माझ्या म्हणण्याविरुद्धचा सगळ्यात वजनदार मुद्दा मला माहीत आहे आणि तो मी टाळणार नाही. सार्वजनिक, सार्वजनिक म्हणता, पण ही कड लोकांना कधी दिसली का? नाही दिसली. पश्चिमेला चौपाट्या, पूर्वेला मैलोन्‌मैल भिंत. आम्ही गोदी कामगाराची पोरं. गोदीच्या यलो गेटपासून चालत दहा मिनिटांवर राहायचो, तरी आतला समुद्र मला पहिल्यांदा दिसला तो लाँचमधून. एकदा अण्णा डबा विसरले म्हणून आईने मला गेटवर पाठवलं. पासशिवाय आत सोडता येत नाही म्हणून पहारेकऱ्याने डबा तिथेच ठेवून घेतला. मी फाटकाच्या गजांतून आत बघत राहिले. दिसली ती क्रेनची मान आणि एका बोटीचं धुरकांडं, खाली पाणी असणार एवढंच कळलं. सरकारी मालकी आणि लोकांची मालकी यांत किती अंतर असतं हे मला तेव्हापासून माहीत आहे. त्या भिंतीआड जमिनीच्या भाडेपट्ट्यांचे जे घोळ झाले, वखारी वर्षानुवर्षं कुलपात राहिल्या, त्याचं समर्थन मी करत नाही.

पण भिंतीला उपाय आहे, भिंत पाडता येते. सार्वजनिक जमिनीवरची भिंत पाडा म्हणून मागणी करता येते, निवडणुकीत प्रश्न विचारता येतो, कोर्टात जाता येतं. विकलेल्या जमिनीवरच्या भिंतीसमोर उभं राहून काय मागणार? ससून डॉकला पहाटे एकदा जाऊन बघा. लिलावाचा पुकारा, बर्फाच्या लाद्या ओढणारी माणसं, पाट्यांमध्ये बोंबील आणि कोळंबी, उकिडव्या बसून कोळंबी सोलणाऱ्या बाया. पाय ठेवायला जागा नाही आणि कोणी पास विचारत नाही. 1879 साली ती गोदी खाजगी हातातून घेतली नसती तर आज तिथे कोळणी बसल्या असत्या असं मला वाटत नाही.

खुद्द भाऊच्या धक्क्याची गोष्टही सांगितली पाहिजे, नाहीतर माझं म्हणणं एकांगी होईल. तो पहिला धक्का बांधणारे भाऊ, म्हणजे लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य, हे खाजगी गृहस्थच होते. उतारूंना चिखल तुडवत होडीत चढावं लागे, ते बघून त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भराव घालून धक्का बांधला असं सांगतात. धक्क्याची जागा पुढे बदलली, नाव लोकांनी सोडलं नाही. ऑर्मिस्टनच्या नावाचा रस्ता कुलाब्यात होता, त्याचं नाव बदललं. भाऊंचं टिकलं, कारण त्यांचं काम लोकांच्या रोजच्या पायाखालचं होतं. खाजगी माणसाने पाण्याच्या कडेला काही बांधू नये असं मला म्हणायचंच नाही. बांधावं, चालवावं, नफाही करावा. भाडेपट्टा मुदतीचा असावा, मुदत संपली की जागा परत यावी आणि पाण्यापर्यंत जायची वाट कोणालाही अडवता येऊ नये, एवढीच अट.

राहिली पाण्याची गोष्ट. गोदी निकामी झाली की बुजवायची, ही बुद्धी फक्त आपल्यालाच झाली असं नाही. टॉमस टेल्फर्ड या आणखी एका स्कॉटिश इंजिनिअरने बांधलेल्या दोन गोद्यांची पुढे काय गत झाली ते बघावं. एक स्कॉटलंडमधल्या डंडीची किंग विल्यम गोदी, 1825 ची. दुसरी लंडनची सेंट कॅथरिन, 1828 ची. डंडीत 1960 च्या दशकात टे नदीवर रस्त्याचा पूल आला. त्याच्या उतारासाठी आणि रस्त्यांसाठी किंग विल्यम आणि शेजारची अर्ल ग्रे, दोन्ही गोद्या भरून टाकल्या. त्याच भरावासाठी गोदीवरची दगडी कमानही 1964 मध्ये पाडली. शहर आणि नदी यांच्यामध्ये वाहनांचे रस्ते आले. पुढे कित्येक दशकं आणि प्रचंड पैसा खर्चून डंडी आपली नदीची कड परत मिळवते आहे. 2018 साली तिथे मोठं संग्रहालय उघडलं, तेही थेट पाण्याच्या काठावर, पण गोद्या काही परत आल्या नाहीत. लंडनची सेंट कॅथरिन 1968 साली बंद पडली. तिथे पाणी राखलं, दरवाजे राखले, आणि आज त्या पाण्याभोवती माणसं फिरतात.

सेंट कॅथरिनची पूजा बांधायला मी सांगणार नाही. ती गोदी खोदताना सुमारे 11 हजार गरीब माणसांची घरं मोडली होती आणि आज तिथे श्रीमंतांच्या नौका उभ्या असतात. दारूखान्यात, वडाळ्यात, शिवडीत बंदराच्या जमिनीवर आज जी हजारो कुटुंबं राहतात, त्यांना आधी घर द्यायचं आणि मग नकाशाला हात लावायचा, ही अट मुंबईत पहिल्या पानावर हवी. पाणी राखल्याने न्याय होतोच असं नाही. पण पाणी राखलं तर पुढच्या पिढीला निदान नव्याने ठरवता येतं. बुजवलं की तेवढंही उरत नाही, कारण भरावाला लगेच दर चौरस फुटाचा भाव येतो, आणि भाव आलेली जमीन पुन्हा खोदून पाणी करा असं म्हणायची हिंमत कोणात नसते.

ती हिंमत आता दाखवावी असं मला वाटतं. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया यांच्यावरचा भराव ही अखेर मातीच आहे. 1870 च्या दशकात जे खोदता आलं, ते आजच्या यंत्रांना खोदता येऊ नये याला कारण नाही. खर्च येईल. तो त्याच जमिनीच्या भाड्यातून वीस-तीस वर्षांत भरून काढता येईल. ऑर्मिस्टनच्या ट्रस्टने दुसरं काय केलं होतं? आणि व्हिक्टोरियाच्या काठाला आणखी एक कारण आहे. 14 एप्रिल 1944 ला दुपारी तिथे फोर्ट स्टिकिन हे दारूगोळा आणि कापूस भरलेलं जहाज फुटलं. आग विझवायला गेलेले 66 अग्निशामक जवान गेले, शेकडो कामगार गेले. ज्या पाण्यावर हे घडलं ते पाणीच तिथे नसेल, तर स्मारक उभं करायचं कशावर?

हे सगळं होईल तेव्हा होईल. एक गोष्ट मात्र आजच करता येण्यासारखी आहे. दक्षिणेला इंदिरा गोदी अजून जिवंत आहे, 1914 ची, जिला अण्णा शेवटपर्यंत अलेक्झांड्राच म्हणत राहिले. सुमारे 50 एकर पाणी. तिला पुढे-मागे दरवाजे असलेलं लॉक आहे, त्यामुळे बोटीला भरतीची वाट बघावी लागत नाही. काम कमी होत गेलं की उद्या हीही गोदी कोणाला तरी रिकामी जागा वाटू लागेल. म्हणून पूर्व किनाऱ्याच्या विकास आराखड्यात या 50 एकरांवर 'पाणी' असा कायम वापर लिहून घ्यावा, शेजारच्या सुक्या गोद्यांसकट. तो बदलायचा तर प्राधिकरणाच्या ठरावावर भागू नये, विधिमंडळासमोर यावं लागावं. आराखड्यावर लोकांच्या हरकती आणि सूचना मागवतात, तेव्हा माझा अर्ज हाच असेल: एक पानी, मराठीत, सोबत भरती-ओहोटीचं कोष्टक जोडून.